बेरील स्कोफिल्डचा हितसंबंध

थॉर्नक्लफच्या शाळेत बेरील स्कोफिल्डने एकोणतीस वर्षं स्वयंपाक केला, आणि त्या एकोणतीस वर्षांत शाळेच्या सोडतीचं एकही तिकीट तिने घेतलं नाही. कारण काय, तर सोडतीच्या चिठ्ठ्यांच्या घड्या ती स्वतः घालायची. "घड्या मी घालायच्या आणि बक्षीस मलाच लागलं, तर लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नसते. बक्षीस म्हणजे शेरीची एक बाटली, नाहीतर कुणाला तरी नाताळात आलेले आणि नको झालेले साबण. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिचा नवरा फ्रँक खालच्या सपातांच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, "लग्न चर्चमध्ये केलं खरं, पण तेव्हापासून राहतोय कोर्टात."

एकदा जिल्हा काउन्सिलचा कुणी साहेब जेवण तपासायला आला. त्याने ॲपल पायवर कस्टर्ड ओतून घेतलं, चाखलं आणि मान डोलावली. दुसरी कुणी असती तर हसून गप्प बसली असती. बेरील त्याच्या मागे दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "साहेब, ॲपल पाय मी केलाय. कस्टर्ड पाकिटातलं आहे. तुमच्या कागदावर चुकीचं जायला नको." फ्रँकने ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली, दर वेळी थोडं मीठमसाला लावून. आणि दर वेळी बेरीलने ती दुरुस्त केली.

त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती कुणाजवळ कधी बोलली नाही. पण दुपारी बारा वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी वर केली, की समोर चाळीस-पन्नास तोंडं उभी असायची. कुणाला वाटाणे चालत नाहीत, कुणाचा बाप घर सोडून गेलाय म्हणून आज एक डाव जास्त वाढायचा, हे तिला मास्तरणींच्या आधी कळायचं. पुढे त्या पोरांची पोरं रांगेत आली, आणि त्यांच्याही आवडीनिवडी तिने पाठ केल्या. बाकी गावात राहिलं होतं काय? गिरणी कधीच बंद पडली होती, प्रार्थनाघराचे फ्लॅट झाले होते. एक को-ऑपचं, म्हणजे सहकारी, दुकान होतं, एक पब होता आणि ही शाळा.

ती निवृत्त झाली आणि दोन वर्षांत फ्रँक गेला. तेव्हा मुख्याध्यापिका ॲलिसन पिकप घरी आली आणि म्हणाली, "मिसेस स्कोफिल्ड, नियामक मंडळावर याल का? तिथे शाळेला आतून ओळखणारं कुणीतरी हवंय." शाळेचे सगळे मोठे निर्णय हे मंडळ घेतं. त्यात गावकरी असतात, पालक असतात, आणि पगार कुणालाच नसतो. बेरील हो म्हणाली आणि तीन दिवस घाबरून राहिली.

मंडळावर आल्यावर एक दिवस तालुक्याला प्रशिक्षणाला जावं लागतं. बाकीचे चहा-बिस्किटं खाऊन परत येतात. बेरील वही घेऊन गेली. काही वर्षांपूर्वी मंडळावरच्या एका गवंड्याने स्वतःच्याच ठरावावर हात वर करून शाळेच्या संडासांचं छप्पर स्वतःकडे घेतलं होतं, आणि ते पहिल्याच हिवाळ्यात गळलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. तेव्हापासून आमच्या दरीतली मंडळं दुधाने तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकून पीत होती. प्रशिक्षण देणाऱ्या बाई बजावून सांगत होत्या, "सभेत दुसरा विषय नेहमी हाच असतो, कुणाचा काही हितसंबंध आहे का? असेल तर सांगायचं, उठायचं, बाहेर जायचं. आणि खात्री नसेल तर? शंका आली, की बाहेर." बेरीलने ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग सहकारी ट्रस्टचा विषय आला.

दरीतल्या आठ लहान शाळा आणि खालची मोठी शाळा मिळून एक सहकारी ट्रस्ट काढणार होत्या. शाळांच्या जागा आणि इमारती ट्रस्टच्या नावावर जाणार. पालक, शिक्षक, गावकरी, सगळे सभासद, आणि प्रत्येकाला एक मत. एका शाळेला न परवडणारा शिक्षक नऊ शाळा मिळून ठेवणार. थॉर्नक्लफमध्ये तेव्हा एकेचाळीस मुलं होती, आणि काउन्सिल पन्नासाच्या आतल्या शाळांकडे कसाई बकऱ्याकडे बघतो तसं बघत होतं. ट्रस्टमध्ये गेलो तर टिकू, एकटे राहिलो तर दोन-तीन वर्षं, असं ॲलिसन पिकप सरळ म्हणाली.

विरोध होता अध्यक्ष गॉर्डन कर्शॉचा. गॉर्डन बेरीलच्याच वर्गात, याच शाळेत शिकलेला. पुढे तो घरकर्ज देणाऱ्या एका पतसंस्थेत मॅनेजर झाला. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की इमारत काउन्सिलची आहे, काउन्सिल जनतेचं आहे, आणि दिलेली वस्तू परत येत नसते. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं वय नाही आपलं," तो म्हणायचा.

बेरील मात्र पहिल्या दिवसापासून ट्रस्टच्या बाजूने होती. कारण विचाराल तर केली हॉवर्थ. केली लहानपणी तिच्या रांगेतली, वाटाणे न खाणारी. आता तिला स्वतःची मुलगी होती, सहा वर्षांची मेझी. केलीला फिट्स यायच्या, त्यामुळे तिला गाडी चालवायची परवानगी नव्हती, आणि मेझीला एकटीला बसमध्ये बसवायचं तिचं काळीज नव्हतं. शाळा समोरच्या गल्लीत होती म्हणून त्यांचं चाललं होतं. बेरीलने त्या शरद ऋतूत घरोघर जाऊन पत्रकं वाटली. केलीच्या दारात ती म्हणाली, "काळजी करू नकोस. माझं मत आहे ना तिथे."

सभा नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सहाला होती, धाकट्यांच्या वर्गात. मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून लहान खुर्च्यांवर बसली होती. मंडळाची चिटणीस नसीम अख्तर. नियमांची खडान्खडा माहिती असलेली ती एकटीच, आणि नेमकी तीच फ्लूने आजारी होती. इतिवृत्त लिहायला ऑफिसातली मुलगी बसली होती.

नऊ जण होते. ॲलिसनने बोटांवर मोजलं होतं, सहा बाजूने, तीन विरोधात. ती निश्चिंत होती.

दुसरा विषय आला. "कुणाचा काही हितसंबंध?" गॉर्डनने विचारलं. नेहमीप्रमाणे सगळे "नाही" म्हणाले, बेरीलही म्हणाली. मग ॲलिसनने ट्रस्टचा कागद वाटला. बेरीलने चष्मा लावून तो ओळीवर बोट ठेवून वाचला. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, की हा ट्रस्ट सहकारी चळवळीचा भाग असून तो सभासदांच्या हितासाठी चालवला जाईल.

सभासद. हित. बेरीलचं बोट तिथेच थांबलं.

तिच्या पर्समध्ये को-ऑपचं सभासदत्वाचं कार्ड होतं.

तिने हात वर केला. "अध्यक्षमहाराज, मगाशी माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. माझा हितसंबंध आहे. मी को-ऑपची सभासद आहे. एकोणीसशे एकसष्टपासून. त्याआधी आईच्या नावावर होतं, नंबर चार एक सात तीन."

हशा पिकला. आमच्या लँकेशायरमध्ये विशिष्ट वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, आईचा को-ऑपचा नंबर तो घडाघडा सांगेल. लहानपणी दुकानात तो सांगायला चुकलं, की नफ्यातला वाटा दुसऱ्याच्या नावावर जायचा आणि घरी मार बसायचा.

"अगं बेरील, आमचा दोन नऊ शून्य आठ होता," पोस्टमन डेरेक डोळे पुसत म्हणाला. "मग काय, अख्ख्या दरीने बाहेर जाऊन उभं राहायचं?"

"तू ठरव तुझं," बेरील म्हणाली. "तू मटण कसायाकडून घेतोस. मी सगळंच को-ऑपमधून घेते, आणि वर्षाला मला वाटा येतो."

"मिसेस स्कोफिल्ड, ते दुकान निराळं," ॲलिसन म्हणाली. "मला नाही वाटत याचा काही..."

"वाटत नाही, की ठाऊक नाही?"

ॲलिसन थबकली. ती तरुण होती आणि तीही खरं बोलणाऱ्यातली होती. "नक्की नियम मला ठाऊक नाही. नसीम असती तर..."

बेरीलने गॉर्डनकडे पाहिलं. अशा गोष्टीचा निवाडा अध्यक्षाने करायचा असतो, हेही तिच्या वहीत होतं. गॉर्डन समोरचे कागद सारखे करत होता. एरवी तो तिला बेरील म्हणायचा, पाचव्या वर्षापासून म्हणत आला होता.

"मिसेस स्कोफिल्ड," तो म्हणाला, "हे ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीवर सोडलेलं बरं."

"शंका आली, की बाहेर," बेरील म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठली. कुणी अडवलं नाही. सहातला एक गेला तरी पाच-तीन, जाऊ दे, नाहीतर हिला झोप लागायची नाही, असाच विचार बाकीच्यांनी केला असणार.

बाहेर मुलांचे कोट टांगायच्या खुंट्या होत्या आणि त्यांच्याखाली ठेंगणं बाक. त्यावर ती पर्स मांडीवर घेऊन बसली. तिला बरं वाटत होतं, हे सांगायलाच हवं. योग्य ते केल्यावर वाटतं तसं अगदी स्वच्छ. घरी जाता जाता केलीला सांगू, तिच्याकडे कपभर चहा घेऊ, असंही तिने ठरवून टाकलं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. ॲलिसन होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

स्टॅन ग्रिमशॉने ऐन वेळी पलटी मारली होती. पाचातला एक तिकडे गेला आणि चार-चार झालं. मतं समसमान झाली की अध्यक्षाचं निर्णायक मत. गॉर्डनने ते विरोधात टाकलं.

"परत मोजा," डेरेक म्हणत होता. "बेरील आलीय आता. परत हात वर करा."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. पण बेरील दारातच उभी राहून म्हणाली, "नाही, डेरेक. मी बाहेर होते. बाहेरच्या माणसाला मत नसतं."

फ्लूचा न्यूमोनिया होऊन पडलेली नसीम अख्तर जानेवारीत कामावर परतली. इतिवृत्त वाचून ती तडक बेरीलच्या घरी आली. ओला कोटही न काढता ती म्हणाली, "मिसेस स्कोफिल्ड, तुम्हाला बाहेर जायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच गेले."

"अहो, दुकानाचा आणि ट्रस्टचा काडीचा संबंध नाही. नाव तेवढं एक. तुम्हाला उठायचं काहीच कारण नव्हतं." मग बेरीलचा चेहरा पाहून ती खाली बसली. "माफ करा. मी त्या दिवशी ताप घेऊनही यायला हवं होतं."

नसीमने धडपड करून खास सभा बोलावली. या वेळी बेरील बसून राहिली आणि ठराव पाच-चारने मंजूर झाला. पण ट्रस्टचं पत्र आलं, की बाकीच्या आठ शाळांच्या जाहीर सूचना निघून गेल्या, यादी बंद झाली, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षापर्यंत वाट बघायला कोण थांबतं? शाळा डळमळतेय म्हटल्यावर ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी मुलं काढली. ॲलिसनला दुसरीकडे जागा मिळाली आणि ती रडत गेली. एकोणतीस मुलं उरली, मग काउन्सिलची नोटीस आली, आणि ती आल्यावर ट्रस्टनेही हात वर केले. २०१३च्या जुलैत शाळा बंद झाली.

गावाने आधी बेरीलवर राग धरला. ऐन वेळी पळाली, असं सगळे म्हणत. मग खरं काय घडलं ते पसरलं आणि लोक हसायला लागले. त्यापेक्षा राग परवडला. पबमध्ये कुणी उठून मुतारीकडे निघाला, की दुसरा म्हणायचा, "काय रे, हितसंबंध वाटतं?" अति तिथे माती, असं तिच्या सख्ख्या बहिणीनेही तिला ऐकवलं. बेरील को-ऑपमध्ये सकाळी दार उघडताच जाऊन यायला लागली, गर्दी व्हायच्या आत.

केली हसली नाही. तिने खालच्या गावात मोठ्या शाळेजवळ एक खोली घेतली. कापडगिरणीच्या वेळचं आजीचं घर सोडून ती निघाली. व्हॅन भरल्यावर ती मेझीचा हात धरून बेरीलच्या फाटकाशी आली.

"आत ये गं," बेरील म्हणाली.

"नको. व्हॅनवाला थांबलाय." केली थोडा वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली. "तुम्ही प्रामाणिक राहिलात, मिसेस स्कोफिल्ड. त्याला कोण काय म्हणणार. पण तुम्ही म्हणाला होतात, माझं मत आहे ना तिथे."

मेझीने हात हलवला. व्हॅन उतारावरून गेली, आणि बेरील किती तरी वेळ फाटकाशीच उभी राहिली.

गॉर्डन आला तो ऑक्टोबरात, एका दुपारी. काउन्सिलने शाळेवर "विकणे आहे" अशी पाटी लावून महिना झाला होता. ज्या काउन्सिलच्या हाती इमारत सुरक्षित राहील म्हणून तो भांडला, त्याच काउन्सिलने ती बाजारात मांडली होती. त्यावरून त्याला टोमणा मारायला गावातलं कुणी विसरलं नव्हतं. त्याची बायको मार्गरेट विसरण्याच्या आजाराने वृद्धाश्रमात होती, आणि तो आता तिला परका वाटायचा. शर्टाची कॉलर मळलेली होती. असा गॉर्डन बेरीलने कधी पाहिला नव्हता.

तिने चहा केला. त्याने दुधाचं भांडं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"बेरील, एक सांगायचंय."

"सांग."

"त्या दिवशी स्टॅनला मीच गाडीतून आणलं होतं. विरोधात हात वर करणार, असं तो गाडीतच म्हणाला. म्हणजे तू आत असतीस तर आम्ही हरणार आणि तू बाहेर गेलीस तर चार-चार, हे मला ठाऊक होतं. इतर कुणालाच नव्हतं."

बेरीलने चहादाणीचं झाकण नीट बसवलं. बाहेर शेजाऱ्याचं कुत्रं भुंकत होतं.

"आणि दुकानाचं?" तिने विचारलं. "ते निराळं आहे, हे ठाऊक होतं?"

"ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं गं," गॉर्डन म्हणाला आणि लगेच त्याने ओठ चावला. "तसं नाही म्हणायचं मला. म्हणजे, हो. ठाऊक होतं."

"हं."

"शाळा बंद व्हावी असं मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, काउन्सिल सांभाळेल. पण ते सोड. नुसतं 'बेरील, खाली बस' एवढं म्हणायला हवं होतं मी. तू माझ्याकडे बघत होतीस. मी कागद सारखे करत बसलो." त्याने बशी उगाच पुढे-मागे सरकवली. "दोन वर्षं तेच डोळ्यासमोर येतंय. मार्गरेटला सांगायला जातो, तर तिला कळत नाही. मला एवढंच सांग, मी म्हटलं असतं तर तू बसली असतीस ना?"

बसली असती. बेरीलला ते आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. ती दारापर्यंत जाताना मुद्दाम सावकाश गेली होती. अध्यक्षाने एक शब्द काढला असता, तर ती हसऱ्या तोंडाने परत येऊन त्या ठेंगण्या खुर्चीवर बसली असती. आज गल्लीतून मुलांचा आवाज आला असता, आणि केली गावातच राहत असती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, मळकी कॉलर, आणि घरी वाट बघणारं कुणी नाही.

"नसते बसले," ती म्हणाली.

"नसतीस?"

"तू काय, राणीने सांगितलं असतं तरी मी बाहेरच गेले असते. माझा स्वभाव तुला ठाऊक नाही का? शंका आली म्हणजे आली."

"खरं सांगतेस?"

"मी खोटं बोलते का कधी, गॉर्डन?"

त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. सोडतीचं तिकीट न घेणारी, पाकिटातल्या कस्टर्डचा कबुलीजबाब देणारी बेरील स्कोफिल्ड समोर बसली होती. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? त्याचे खांदे सैल पडले. थोड्या वेळाने त्याने कपात दूध घातलं.

"मग बरं," तो म्हणाला. "म्हणजे, बरं नाही. पण मग माझ्याने काही फरक पडला नसता."

"काही नसता पडला. घे, बिस्किट घे."

त्याने दोन घेतली. मग तो मार्गरेटबद्दल बोलला, आश्रमातल्या जेवणाबद्दल बोलला, एकदा हसलासुद्धा. निघताना त्याने दारात तिचा हात दोन्ही हातांत धरला, आणि आला होता त्यापेक्षा ताठ पाठीने तो उतारावरून खाली गेला.

बेरीलने कप धुतले. दोन वर्षं त्या दिवसाचा निम्मा भार गॉर्डनने उचलला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. पत्ता लागला त्याच दुपारी तो निम्मा तिने त्याच्याकडून काढून घेतला. शाळा तिने एकटीने बुडवली, हे आता तिच्याच तोंडून ठरलं होतं, आणि तिचा शब्द कुणी खोटा मानणार नव्हतं. मोरीची कड धरून ती उभी राहिली आणि खूप रडली.